अल्फा ०.८ आला म्हणून टेस्ट एकच गुण मोजते? नाही हो

थिसिस जमा करायची वेळ आली की एक मेसेज हमखास फिरायला लागतो, की एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रॉनबाख अल्फा (टेस्टमधले प्रश्न एकमेकांशी सरासरी किती जुळतात यावरून निघणारा आकडा) काढा, ०.७ च्या वर गेला की टेस्ट एकच गुण (मार्क नव्हे, भीतीसारखं एखादं वैशिष्ट्य) मोजते हे सिद्ध झालं, शंका असेल तर १ पेक्षा मोठ्या आयगेनव्हॅल्यू (उत्तरांमधला एकूण फरक घटकांत वाटला की एकेका घटकाच्या वाट्याला येणारा आकडा) किती ते मोजा, तितकेच गुण, दुसरं सॉफ्टवेअर लागत नाही. तीन दावे, तिन्हीत घोळ.

आधी अल्फा. हे कागदावरच करून बघा. १२ प्रश्न घ्या, ६ गणिताच्या भीतीचे आणि ६ झोपेच्या तक्रारींचे. धरून चाला की गटातल्या गटात प्रत्येक जोडीचं कोरिलेशन (दोन प्रश्नांची उत्तरं किती सोबत वरखाली होतात ते) ०.६ आहे आणि दोन गटांमध्ये चक्क शून्य, म्हणजे दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. एकूण जोड्या ६६, त्यातल्या ३० जोड्यांत ०.६, उरलेल्या ३६ मध्ये शून्य, सरासरी आली साधारण ०.२७. आता १२ गुणिले ०.२७ करा आणि त्याला (१ + ११ गुणिले ०.२७) ने भागा. स्टँडर्डाइज्ड अल्फा (सगळे प्रश्न एका मापावर आणून काढलेला) आला ०.८२! मेसेजच्या हिशोबाने टेस्ट पास, आणि मोजतेय दोन भलत्याच गोष्टी. कारण या सूत्रात फक्त सरासरी कोरिलेशन आणि प्रश्नांची संख्या जाते, कोण कोणाशी जोडलंय हे त्याला दिसतच नाही. त्यामुळे सरासरी तेवढीच ठेवून नुसते प्रश्न वाढवले तरी आकडा चढतो.

आता आयगेनव्हॅल्यू. सगळ्यांची बेरीज प्रश्नांच्या संख्येइतकी असते म्हणजे सरासरी बरोब्बर १, मग निव्वळ रँडम आकडे भरले तरी काही १ च्या वर जाणारच ना? म्हणून तर जॉन हॉर्न या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये पॅरलल ॲनालिसिस सुचवलं: तेवढ्याच आकाराचा रँडम डेटा पुन्हापुन्हा बनवायचा आणि आपली आयगेनव्हॅल्यू त्याच्या वर जाते का ते बघायचं. आर या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेतलं सायक (psych) पॅकेज हे करतं, फॅक्टर नावाचा प्रोग्रामही करतो, दोन्ही फुकट. फक्त उत्तरं बरोबर/चूक अशी असतील तर टेट्राकोरिक कोरिलेशन (दोनच पर्याय असलेल्या उत्तरांसाठीचं) निवडा, नाहीतर सोपे प्रश्न एका फॅक्टरवर (प्रश्नांमागच्या लपलेल्या घटकावर) आणि अवघड दुसऱ्यावर जाऊन बसू शकतात आणि तुम्ही त्या फॅक्टरांना छान छान नावं देत बसता (हे गाईडच्याही नजरेतून सुटतं).

राहिला तिसरा दावा, दुसरं सॉफ्टवेअर लागत नाही हा. एसपीएसएस वाईट नाही, पण त्यातल्या फॅक्टर ॲनालिसिसचं डीफॉल्ट म्हणजे प्रिन्सिपल कंपोनंट्स (प्रश्नांमधला सगळा फरक मोजक्या बेरजांत गोळा करणारी पद्धत) आणि तोच १ चा नियम, सगळे नेक्स्ट नेक्स्ट करत तेच घेतात. उलट बाजूला, विल्यम स्टाउट या संख्याशास्त्रज्ञाच्या १९८७ च्या कामातून आलेलं डिमटेस्ट (टेस्ट एकच गुण मोजते का हे तपासणारी पद्धत) वापरलं म्हणजे सुटलो असंही नाही. त्यात पी-व्हॅल्यू (गुण एकच असता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या वर आली याचा अर्थ एकापेक्षा जास्त गुण असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही एवढाच, आणि सॅम्पल लहान असेल तर खरंच एकापेक्षा जास्त गुण असूनही तो पुरावा अनेकदा सापडत नाही.