'फार्गो'च्या खेळाबद्दल तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

रविवारी 'फार्गो' पाहायला तुम्ही आईंना घेऊन आमच्या चित्रगृहात आला होतात. नंतर एक तारा देऊन लिहिलंत की पोस्टरवर 'विनोदी' छापून रक्तपात दाखवला, 'सत्यकथा' सांगून फसवलं, नायिका अर्ध्या तासानं आली, आणि एका बाईला पळवून नेताना लोक हसत होते, असला सिनेमा लावणाऱ्याला काही वाटतं की नाही. वाटतं. म्हणूनच सविस्तर लिहितोय. (ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळी गोष्ट उघड होते.)

आधी माझ्या चुका. पोस्टरचा मजकूर मी स्वतः लिहिला होता, 'अपहरणाचा फसलेला डाव, धमाल विनोदी' असा. हिंसाचाराची सूचना कुठेच नव्हती. ज्या सिनेमात माणसाचं प्रेत लाकूड भरडायच्या यंत्रात जातं, त्याला धमाल म्हणणं साफ चूक होतं. आईंना त्या वेळी डोळे मिटून बसावं लागलं हे वाचून फार वाईट वाटलं. दोन्ही तिकिटांचे पैसे परत घेऊन जा. तिकीट खिडकीवर सांगून ठेवलंय. पोस्टरही बदललंय.

'सत्यकथा' हीदेखील माझीच चूक. सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर येतं की ही घटना १९८७ साली मिनेसोटात घडली, बचावलेल्यांच्या विनंतीवरून नावं बदलली आहेत. तसं काही घडलेलं नव्हतं. जोएल आणि ईथन कोएन या भावांनी रचलेली ही गोष्ट, आणि १९९६ च्या या सिनेमाला ऑस्कर मिळालं तेही मूळ पटकथेचं. शेवटच्या श्रेयनामावलीत पात्रं काल्पनिक असल्याची सूचना आहेच. गोष्ट सांगणारा असा खेळ करू शकतो. पोस्टर लावणाऱ्यानं करू नये.

लोक हसले त्याबद्दल मात्र मला तुमचं म्हणणं पटत नाही.

प्रत्येक खेळाला मी मागच्या दाराशी उभा असतो. जिला पळवून नेतात ती जीन टीव्हीसमोर विणत बसलेली असते आणि काचेच्या दाराबाहेर मुखवटा घातलेला माणूस येतो. ती वर पळते, न्हाणीघराच्या पडद्यात गुंडाळलेली बाहेर धावते आणि जिन्यावरून गडगडत खाली येते. तिथे हॉलमध्ये हशा झाला, हे खरं. पण थोड्या वेळानं जंगलातल्या घरापाशी तिला गाडीतून उतरवतात. डोक्यावरून कापड ओढलेलं, हात बांधलेले, काही दिसत नसताना ती बर्फात वाट फुटेल तिकडे धावते आणि पडते. तेव्हा तिला पळवणाऱ्या दोघांपैकी कार्ल खदखदून हसतो. तो एकटाच. रविवारी त्या क्षणाला आपल्या हॉलमध्ये एक माणूसही हसला नाही. आधी आपण हसलो होतो आणि आता तोच हसतोय, हे सगळ्यांना एकदम कळलं होतं. सिनेमानं तिची थट्टा केली असती तर ती शांतता पसरली नसती.

हसू येतं ते या पुरुषांच्या हिशेबांचं. जेरी सासऱ्याच्या गाड्यांच्या दुकानात विक्री बघतो. स्वतःच्या बायकोला पळवायला दोन गुंड लावतो, त्यांना सांगतो खंडणी ८०,००० डॉलर, सासऱ्याला सांगतो दहा लाख. कार्ल नंबरप्लेट चोरायला वाहनतळात शिरतो आणि बाहेर पडताना चार डॉलरवरून तिथल्या माणसाशी हुज्जत घालतो. पुढे दहा लाखांची बॅग हाती येते तेव्हा ८०,००० काढून बाकीचे तो कुंपणाजवळ बर्फात पुरतो. खूण म्हणून काय खोचतो, तर काचेवरचा बर्फ खरवडायची लाल पट्टी. दोन्हीकडे बघाल तिथवर तेच कुंपण आणि तोच बर्फ! आणि एवढं करून जीव जातो तो कशावरून? जोडीदाराशी गाडीच्या अर्ध्या किमतीवरून भांडताना.

असंच खरवडणं आधी जेरीच्या वाट्याला येऊन गेलेलं असतं. सासऱ्यानं त्याचा धंद्याचा बेत स्वतःकडे घेतल्यावर तो रिकाम्या वाहनतळात येतो, गाडीची काच खरवडू लागतो, मध्येच हातपाय झाडत थयथयाट करतो आणि मग निमूटपणे पुन्हा खरवडू लागतो. या माणसाला आतून किती भीती वाटतेय हे मला त्या मिनिटभरात समजलं.

नायिका मार्ज उशिरा येते, मान्य. ती येईपर्यंत तीन खून होऊन गेलेले असतात. पण सात महिन्यांची गरोदर ही पोलीसप्रमुख आल्यावरच पडद्यावर पहिल्यांदा धड घर दिसतं. पहाटे नवरा उठून तिला अंडी करून देतो. शेवटी त्याच नवऱ्याचं चित्र तीन सेंटच्या टपाल तिकिटासाठी निवडलं जातं, त्याला ते कमी वाटतं आणि ती त्याची समजूत घालते. फ्रान्सेस मॅकडोरमंड यांना या कामासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं.

एक राहिलं. बाहेर पडताना आईंनी मला दारात विचारलं होतं, "त्या मुलाचं पुढे काय झालं हो?" गर्दी होती, मला उत्तर देता आलं नाही. त्यांना सांगा, त्यांनी नेमकं धरलं. आईला पळवल्यावर जेरीच्या मुलाचं, स्कॉटीचं काय, हे उपाहारगृहात बसल्यावर सासऱ्याचा हिशेबनीस विचारतो, तोवर बापाला मुलाची आठवणच नसते. आजोबांचा खून झाला त्या रात्री जेरी घरी येतो, मुलगा खोलीतून विचारतो, सगळं ठीक आहे ना? जेरी हो म्हणतो आणि झोपायला जातो असं सांगतो. त्यानंतर तो मुलगा सिनेमात पुन्हा दिसत नाही.

आपला,
चित्रगृहाचा मालक