लायसन लागत नाही म्हणे!

नाशिकमधल्या बॅटरीच्या दुचाकी गाड्या विकणाऱ्यांनी एकदा एकत्र बसून काय ते ठरवा आणि मग आमच्यासमोर तोंड उघडा. पोरगी दहावीला, संध्याकाळचा क्लास कॉलेज रोडला, रिक्षावाल्यांचे भाव विचारूच नका. म्हणून गाडी बघायला निघालो, तर डोकंच फिरलं.

एक म्हणतो, "काका, लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको. बिनधास्त द्या ताईला." दुसऱ्याकडे सोळा पूर्ण पाहिजेत. तिसऱ्याकडे अठरा. आमच्या सोसायटीतले एक सर्वज्ञ तर म्हणाले, "अहो, गल्लीत कोण पकडतंय?" गल्ली म्हणजे गंगापूर रोड, बरं का!

शेवटी मीच कायदा वाचत बसलो. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तरच ती गाडी मोटार वाहन धरत नाहीत. मग लायसन नाही, नंबर प्लेट नाही, मोटार कायद्यातली वयाची अटही नाही. पण ही सूटही फुकट मिळत नाही, गाडीला एआरएआयसारख्या चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. यातली एक मर्यादा ओलांडली की झाली ती स्कूटर! पासिंग, विमा, हेल्मेट, हिरवी नंबर प्लेट, सगळं आलं आणि चालवणाऱ्याचं लायसनही आलं.

मग ते सोळाचं काय? १९८८च्या कायद्यात सोळा वर्षांच्या मुलांना ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची गाडी चालवायची मुभा आहे. ते धरून लोक छातीठोक सांगत सुटतात. अरे, बॅटरीच्या गाडीत सीसी कुठून आणू? पेट्रोल ओतू का?

आणि आता खरा संताप. एका दुकानात कामाच्या पोऱ्याने सीट उचलली, आतल्या काळ्या डब्यातून निघालेली एक बारीक वायर चिमटीत धरून दाखवली आणि म्हणाला, "ही पिन सुटी केली की पंचेचाळीसला जाते. डिलिव्हरीच्या वेळी करून देतो." बिलावर मात्र २५० वॉट! म्हणजे कागदावर सायकल आणि रस्त्यावर स्कूटर. असल्या फेरफार केलेल्या गाड्यांवर परिवहन खात्याने २०२२ मध्ये राज्यभर कारवाईचे आदेश काढले होते. यांना त्याचं सोयरसुतक नाही.

कारण निस्तरायचं आम्हाला. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर २०१९च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, वर आपल्या पोरीला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. पिन काढणारा तेव्हा कुठे असेल? दुसऱ्या कुणाची तरी सीट उचलत असेल.

मी एवढंच म्हटलं, त्या चाचणीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स द्या, लगेच बुक करतो. शेठचा चेहरा असा झाला की जणू मी त्याची किडनी मागितली. "व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो ना साहेब." ते काही आलेलं नाही. रोज सकाळी ऑफरचा मेसेज मात्र न चुकता येतो: आजच बुक करा, हेल्मेट फ्री.