गार्ड की ॲक्टिव्ह? आरओटीसीतल्या मुलांच्या आईबापांशी थोडं

आपल्या लोकांत विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला. "आर्मीत चाललीय? अरे बापरे. पण पार्ट टाइमच ना?" पुतणी इथे न्यू जर्सीत आर्मी आरओटीसीच्या, म्हणजे कॉलेज करता करता लष्करी अधिकारी घडवणाऱ्या कार्यक्रमाच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. त्यामुळे हा प्रश्न मला गणपतीत, ग्रोसरीच्या रांगेत, कुठेही ऐकावा लागतो. विचारणाऱ्याला खरं तर "जिवाला धोका नाही ना?" असं विचारायचं असतं. त्याचं उत्तर पार्ट टाइम या शब्दात सापडेल असं त्याला वाटतं. सापडत नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आधी आपल्या डोक्यातली एनसीसी बाजूला ठेवू. मीही कॉलेजात परेड केलेली आहे, सी सर्टिफिकेट आहे. पण त्या सर्टिफिकेटाने तुम्ही कुणाला बांधले जात नाही. वाटलं तर स्पेशल एंट्रीतून थेट एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीला, जा, नाहीतर बँकेत चिकटा. आणि आपल्याकडे पार्ट टाइम म्हणजे टेरिटोरियल आर्मी. कोल्हापूरच्या १०९ बटालियनमुळे ती तिकडच्यांना माहीत असते. तिथे अधिकारी व्हायचं तर आधी स्वतःचा पोटापाण्याचा उद्योग दाखवावा लागतो, मग वर्दी.

इथे क्रम उलटा. १९१६ च्या कायद्याने आरओटीसी उभी राहिली. त्यात वीस-एकवीस वर्षांचं पोर कॉन्ट्रॅक्टवर सही करतं आणि आठ वर्षांची बांधिलकी घेतं. नोकरी, लग्न, गाव, कशाचाच पत्ता नसतो तेव्हा. स्कॉलरशिप घेऊन ॲक्टिव्हला गेलात तर साधारण चार वर्षं पूर्णवेळ, स्कॉलरशिप नसेल तर तीन, उरलेली राखीव खात्यात. दुसरा रस्ता म्हणजे ही वर्षं नॅशनल गार्ड (राज्याची अर्धवेळ फौज) किंवा आर्मी रिझर्व्हमध्ये (केंद्राची अर्धवेळ फौज) काढायची: महिन्यातून एक वीकेंड, वर्षातून दोनेक आठवडे. (अमेरिकन नागरिकत्व नसेल तर कॉन्ट्रॅक्टच होत नाही. ग्रीन कार्डवर शिपाई म्हणून भरती होता येतं, आरओटीसीतून अधिकारी नाही. हे मंडळातल्या निम्म्या पालकांना माहीत नसतं.)

आता त्या "सुरक्षित" पार्ट टाइमबद्दल. २००८ मध्ये आमच्या न्यू जर्सी गार्डची पायदळ ब्रिगेड इराकला गेली. त्यात शिक्षक होते, पोलीस होते, प्लंबर होते. जानेवारी २०२४ मध्ये जॉर्डनमधल्या टॉवर २२ तळावर ड्रोन आदळला. त्यात गेलेले तिघेही आर्मी रिझर्व्हचे होते, जॉर्जियातले. म्हणजे ज्यांना आपण "वीकेंडवाले" म्हणतो ते. दुसरीकडे ॲक्टिव्हमधले कितीतरी लेफ्टनंट पहिली चार वर्षं एखाद्या तळावर ट्रेनिंग आणि गाड्यांच्या देखभालीच्या तक्त्यांत घालवतात. जोखीम कुठल्या वर्षी, कुठल्या युनिटात आहात यावर ठरते. पगार महिन्याचा की वीकेंडचा यावर नाही.

मग मुलं ठरवतात कशावर? पुतणी आणि तिच्या बरोबरीच्या पोरांचं ऐकून माझं मत असं झालंय की यात वेळेपेक्षा जागेचा प्रश्न मोठा आहे. तुम्ही कुठे राहायचं हे कोण ठरवणार? ॲक्टिव्हमध्ये आर्मी ठरवते. आज टेक्सास, तीन वर्षांनी कोरिया, मग लुइझियाना. गार्डमध्ये तुम्ही राज्य निवडता आणि तिथेच मुळं धरता. पण त्याची किंमत ब्रँचमध्ये, म्हणजे पायदळ, इंटेलिजन्स असं कुठलं खातं मिळतं त्यात, मोजावी लागते, आणि ही गोष्ट आईबापांना कुणी सांगत नाही. ॲक्टिव्हला जाणाऱ्यांची क्रमवारी लागते: मार्क, फिटनेस, तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यातला फोर्ट नॉक्सचा कॅम्प, मुलाखती. त्यावर ब्रँच मिळते. गार्डमध्ये मात्र त्या राज्यातल्या एखाद्या युनिटात लेफ्टनंटची जागा रिकामी हवी आणि त्या युनिटाने तुम्हाला घ्यायला हवं. इंटेलिजन्समध्ये जायचंय पण जागा ट्रान्सपोर्टमध्ये आहे? मग ट्रान्सपोर्ट. म्हणून शहाणी मुलं कॉलेजात असतानाच एसएमपीमधून (आरओटीसी आणि गार्ड एकाच वेळी करायची सोय) गार्डच्या युनिटात शिरतात. ड्रिलचे, म्हणजे त्या वीकेंडच्या ड्यूटीचे, पैसे मिळतात, माणसं कळतात, जागा कधी रिकामी होणार हेही कानावर येतं.

कामाचा फरकही मोठा आहे. ॲक्टिव्हचा नवा लेफ्टनंट तीस-चाळीस माणसांच्या प्लॅटूनला रोज सकाळी भेटतो. सोबत दहा-बारा वर्षं मुरलेला सार्जंट असतो, तो साहेबाला साहेब म्हणत म्हणत शिकवतो. गार्डच्या लेफ्टनंटला तीच माणसं महिन्यातून दोन दिवस भेटतात, त्यातला अर्धा वेळ दातांच्या तपासण्या आणि ऑनलाइन कोर्सच्या याद्यांत जातो. उरलेलं काम मंगळवारी रात्री जेवणानंतर, फुकट. "महिन्यातून एक वीकेंड" हे अधिकाऱ्यांच्या बाबतीत अर्धसत्य आहे. उलट गार्डचा सार्जंट बाहेर इलेक्ट्रिशियन किंवा पॅरामेडिक असतो. पुराच्या पाण्यात तो जे करून दाखवेल ते कुठल्याही मॅन्युअलात नाही.

नोकरीचं म्हणाल तर १९९४ चा कायदा आहे. ड्यूटीवर गेलात म्हणून कंपनी काढू शकत नाही. कागदावर चोख. पण वर्षभर बाहेर राहून परतल्यावर चांगला प्रोजेक्ट कुणाच्या हातात आहे ते कायदा बघत नाही. पेन्शनचं तर सरळच आहे: ॲक्टिव्हला वीस वर्षं झाली की लगेच सुरू, गार्डला साधारण साठीपर्यंत थांबा.

माझं मत विचाराल तर, ज्याचं काहीच ठरलेलं नाही त्याने आधी ॲक्टिव्हला जावं. चार वर्षं करून गार्डमध्ये येणाऱ्याला युनिटं हात पसरून घेतात. गार्डमधून पूर्णवेळ ॲक्टिव्हला जायचं तर राज्याने सोडायला हवं, वर आर्मीला तुमची गरज हवी, आणि दोन्ही एकाच वेळी जुळणं मुश्किल. त्यातही सर्वात वाईट म्हणजे जीआरएफडी स्कॉलरशिप न वाचता घेणं. ती फक्त गार्ड-रिझर्व्हसाठी असते. फी भरली जाते, पण ॲक्टिव्हचं दार तिथेच बंद. "दादा, सही करायच्या आधी हे पान वाच," असं मी भावाला म्हटलं तर तो म्हणाला, फी वाचतेय ना. पुतणीने स्वतः वाचलं आणि नको म्हणाली.

गंमत म्हणजे तीच आता गार्डकडे झुकतेय, आणि मला ते पटतंय. तिला सिव्हिल इंजिनियर व्हायचंय, इथेच. २०१२ च्या सँडी वादळात इथल्या होबोकनच्या गल्ल्यांत पाणी भरलं होतं, गार्डचे उंच ट्रक लोकांना बाहेर काढत होते. ती तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. "काका, मला त्या ट्रकवाल्यांत राहायचंय, आणि बाकीचे दिवस पंपिंग स्टेशनं बांधायचीत." हे कारण झालं. वहिनीचं "जवळ राहील, डोळ्यासमोर राहील" हे वहिनीचं कारण आहे, तिचं नाही. उद्या ब्रिगेड निघाली तर डोळ्यासमोर कोण राहणार?

तर ज्यांची मुलं यंदा सही करणार आहेत त्यांनी कॅडरला (आरओटीसी चालवणाऱ्या लष्करी शिक्षकांना) एवढं तरी विचारा: गार्ड असेल तर कुठलं युनिट, ड्रिलला घरापासून किती तास, ते युनिट मागे कधी बाहेर गेलं होतं, आणि स्कॉलरशिपच्या कागदावर ॲक्टिव्हचा पर्याय शिल्लक आहे का. उत्तर तोंडी घेऊ नका.