झाडू उधर है

मेव्हण्याने अलिबागहून रो-रो बोटीतून कोंबडीची सहा पिल्लं आणली आणि माझ्या हातात ठेवली. आदल्याच दिवशी अंड्यातून बाहेर आलेली, बुटाच्या खोक्यात. "मुलांना गंमत," म्हणाला आणि चहासुद्धा न घेता सटकला. ती गंमत कशी चालली आहे ते सोडा. मुद्दा असा, की गेल्या शनिवारी मी भांडुपमध्ये, भर बाजारात, एका मिस्त्रीचं दुकान झाडलं. फुकट. शर्ट इन केलेला होता.

पिल्लांच्या खाली घालायला मला रंध्याने निघतात ती लाकडाची कुरळी सालपटं हवी होती. मिस्त्रीने मला बुटांपासून चष्म्यापर्यंत न्याहाळलं, "मुर्गी के लिए?" असं दोनदा विचारून खात्री केली आणि मान वळवली. "झाडू उधर है साब. मार लो, जितना निकलेगा ले जाओ."

आता इथे काका येतात. दुकानाबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर हाफ पँट, मांडीवर पेपर, हातात कटिंग. त्यांचं तिथे कपाट बनत नव्हतं, पलंग बनत नव्हता. दुसऱ्याचं काम चाललेलं बघायला येणारी जी जमात मुंबईत प्रत्येक खड्ड्याच्या काठावर उभी असते, तिचे हे बसून राहणारे ज्येष्ठ सभासद.

"भुसा कशाला? पेपर घाला की!" काका म्हणाले. "हा नेतो मी घरी, उद्या तुम्हाला देतो."

मी वाकलेल्या अवस्थेतच सांगितलं, की पेपर गुळगुळीत असतो. नवीन पिल्लाच्या पायात जोर नसतो, ते पेपरवर घसरतं, दोन्ही पाय दोन बाजूंना फाकतात आणि वेळीच लक्ष दिलं नाही तर तसेच राहतात.

"मग काय झालं? लोकलमध्ये आपण सगळे तसेच उभे असतो. कोपऱ्यातलं राहिलं बघा तुमचं."

मी कोपरा झाडला. का झाडला? माहीत नाही. काकांच्या आवाजात निवृत्त हेडक्लार्कची जरब होती.

"मग गोणपाट घाला."

गोणपाटाचे दोरे सुटून पिल्लांच्या बोटांना गुंडाळतात, मी म्हटलं.

"टॉवेल?"

टॉवेलच्या धाग्यांत नख्या अडकतात.

"बरेच नखरे आहेत हो! आमच्या आजीकडे वीस-वीस पिल्लं असायची. जमिनीवर. कोणी गादी घातली नव्हती."

आजीकडे कोंबडीही होती, हे मी बोललो नाही. ती पंखाखाली घ्यायची, म्हणून आजीला बल्ब लावावा लागत नव्हता. माझ्याकडे आई नाही, फक्त खोकं आहे. पहिल्या आठवड्यात आत सुमारे ३५ अंश उष्णता लागते, पुढे दर आठवड्याला तीन-एक अंशांनी कमी करत न्यायची. हे मी मोठ्याने सांगितलं, ती मात्र चूक झाली.

"म्हणजे पिल्लांना हीटर!" काकांनी रस्त्यावरच्या दोन अनोळखी माणसांना थांबवून ही बातमी दिली. दोघंही थांबले. मुंबईत अपघात झाला तर माणूस घड्याळ बघतो, पण झाडणाऱ्या इन-शर्टवाल्याकडे बघायला त्याला वेळ असतो. "आणि खालचं ओलं झालं तर?"

"बदलायचं. ओल राहिली की अमोनियाचा वास सुटतो, त्यात जंतू वाढतात, मग रक्ती हगवण लागते."

काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. त्या दुपारी मला मिळालेला हा एकमेव विजय.

"गावठी आहेत ना? कापायला कधी येणार?"

"कापायची नाहीत."

यावर ते जे गप्प झाले, त्यात माझ्याबद्दल खरीखुरी काळजी होती.

एव्हाना ढीग जमला होता आणि मी तो जवळून पाहिला. सालपटं नव्हतीच. तपकिरी, पिठासारखी पूड. एमडीएफची. म्हणजे लाकडाचा चुरा आणि बहुतेकदा फॉर्माल्डिहाइडच्या रसायनाचा गोंद. सुरुवातीला पिल्लं दिसेल त्यावर चोच मारतात. अशी पूड खाल्ली की गळ्याजवळची अन्नाची पिशवी तुंबते, आणि उडाली की श्वासात जाते. देवदारासारखं वासाचं लाकूडही नको म्हणतात, त्याचं तेल फुप्फुसांना त्रास देतं. पण देवदाराची चिंता करायला आधी लाकूड तर दिसायला हवं! रंधा कुठे आहे, विचारलं तर मिस्त्री हसला. किचन एमडीएफचं, कपाट प्लायचं, देव्हारासुद्धा सनमायका मारलेला. जुन्या चाळींच्या सागवानी तुळया आणि दारं पुनर्विकासात निघाली, जुन्या सामानाच्या बाजारातून कुठल्यातरी फार्महाऊसला जाऊन बसली, आणि त्या दारांतून पन्नास वर्षं ये-जा केलेली माणसं आता लॅमिनेटला 'वुडन फिनिश' म्हणत हात फिरवतात. पिल्लांचं सोडा, माणसांच्या घरात तरी मूठभर खरं लाकूड असावं की नाही?

मी हात झटकून निघालो.

"साब, निकाला तो ले जाओ! कचरा कौन उठाएगा?"

"बरोबर आहे त्याचं," काका म्हणाले.

गोणी खांद्यावर आली. ऑफिसातल्या एकाने त्याच संध्याकाळी फोनवर मार्ग सांगितला: परदेशी मालाच्या पाइनच्या पेट्या तोडणाऱ्यांकडे जायचं, 'एचटी' शिक्का असलेलं लाकूड बघायचं, ते फक्त तापवलेलं असतं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, त्याला हात लावायचा नाही. नाहीतर कर्जतकडून कोणी येणार असेल तर भाताचा तूस मागवायचा, पोल्ट्रीवाले तोच दोन-तीन इंच पसरतात. तोवर खोक्यात खरखरीत किचन टिश्यू, दिवसातून अनेकदा बदलायचा. हा फोन दुपारी यायला काय हरकत होती?

गोणी टाकायला तर वाटेत जागा मिळाली नाही. जिथे थबकलो तिथे कोणीतरी बघत होतं. शेवटी सोसायटीच्या गेटवर वॉचमनने वही काढली आणि माझ्या फ्लॅटसमोर लिहिलं, 'डेब्रिज, एक गोणी'. मी म्हटलं, अरे, हे मी बाहेरून आत आणतोय! तो म्हणाला, डेब्रिजचा रकाना एकच आहे.

रात्री सेक्रेटरींचा मेसेज आला. विनापरवानगी रिनोव्हेशन. दहा हजार डिपॉझिट, काम पूर्ण झाल्यावर परत. मी पिल्लांचा विषय काढू शकत नव्हतो, कारण पाळीव प्राण्यांचा अर्ज वेगळा आहे आणि त्याचं डिपॉझिटही वेगळं. तेव्हा पैसे भरले. आता ते परत मिळवण्यासाठी काम पूर्ण झाल्याचं पत्र द्यायचंय, मिस्त्रीच्या सहीसकट. त्याच मिस्त्रीच्या. आमचा सेक्रेटरी त्याला ओळखतो म्हणे, आणि काकांनाही.