आधी वकील, मग रिॲक्टर

शेठ, स्पेशालिटी केमिकलचा कारखाना टाकताय? मग रिॲक्टरची ऑर्डर थांबवा आणि आधी चांगला वकील गाठा. सेफ्टी ऑफिसरचं नंतर बघू. महिनाअखेरीस सहीपुरता आला तरी चालतं.

वकिलाला पहिला प्रश्न विचारायचा तो 'ऑक्युपायर कोणाला करू?' म्हणजे कारखान्यासाठी कायद्यापुढे जबाबदार धरला जाणारा धनी. कंपनी असेल तर हा धनी संचालकच हवा, असं सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय. करा मग साडूला संचालक. केबिन द्या, दिवाळीला काजूकतली द्या, ऑक्युपायर म्हणजे काय ते मात्र सांगू नका. 1948 च्या कारखाना कायद्यापासून एक सोयही चालत आलीय, कलम 101: आपण पुरेशी काळजी घेतली होती आणि गुन्हा दुसऱ्याने आपल्या नकळत केला, हे सिद्ध केलं की धनी सुटतो, दुसरा अडकतो. (अग्निशमन दलाचा नंबरही 101. ऐन वेळी घोटाळा नको, आधी कलम.) हा दुसरा अगोदरच पगारावर ठेवावा. गृहकर्ज असलेला एमएस्सी मॅनेजर सही पटकन करतो.

भरपाईची भीती वाटते? डिसेंबर 1985 मध्ये दिल्लीत श्रीरामच्या कारखान्यातून ओलियम (धूर सोडणारं सल्फ्युरिक ॲसिड) गळलं आणि पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने धोकादायक धंद्याची जबाबदारी निरपवाद ठरवली. दैवी आपत्तीची सबबसुद्धा बंद. पण 1991 च्या कायद्याने मृताच्या वारसांना तातडीची मदत ठरवली 25,000 रुपये, आणि तीन दशकं ती तशीच राहिली. एवढा स्थिर भाव तुम्ही एखाद्या सॉल्व्हंटचा तरी पाहिलाय का? जास्तीचं मागणाऱ्याला कोर्ट आहे, कोर्टात तारीख आहे. भोपाळच्या आरोपींना 1984 च्या वायुकांडाबद्दल 2010 मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली, जामीन त्याच दिवशी.

2023 च्या जनविश्वास कायद्याने तर पर्यावरण कायद्यातली कैद काढून 10,000 ते 15 लाखांचा दंड आणला. तो भरायला विसरलात तर मात्र तुरुंग आहे. अकाउंटंटला सांगून ठेवा.

रंगांचं म्हणाल, तर डोंबिवलीत 2014 मध्ये हिरवा पाऊस पडला, 2020 मध्ये रस्ता गुलाबी झाला आणि मधल्या काळात, 2017 ला, तळोज्यात कुत्री निळी झाली. प्रदूषण मंडळाची नोटीस आलीच तर उत्तर तयार ठेवा: 'सदर रंग आमच्याच युनिटचा असल्याचा पुरावा नाही.' एमआयडीसीत प्लॉट घेण्याचा खरा फायदा हाच, नाला सगळ्यांचा एक असतो.

आणि 26 मे 2016 किंवा 23 मे 2024 ला डोंबिवलीत झाला तसा स्फोट झाला, शेजारच्या सोसायटीच्या काचा फुटल्या, तर वकील शांतपणे विचारेल, "कारखाना आधीचा की इमारत?" इथेच थांबा. एवढ्या जवळ इमारतीला परवानगी कोणी दिली, हे विचारायला लावू नका. पुढच्या महिन्यात तुमची वाढीव शेडची फाइल त्याच साहेबांच्या टेबलावर जायची आहे.