आधी पिशवी काढा

दुपारपासून डोकं ठणकतंय. लिहून मोकळी होते, नाहीतर आज झोप लागायची नाही.

सकाळी घराजवळच्या बागेत वनमहोत्सव होता. कुठली बाग ते लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. शाळेची मुलं इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये, हातात 'वसुंधरा वाचवा'चे फलक, तेही थर्माकोलचे. पाहुण्यांनी भिरंडीचं, म्हणजे कोकमाचं, रोप उचललं आणि नर्सरीची काळी पिशवी न काढताच खड्ड्यात ठेवलं. फोटो निघाले. टाळ्या झाल्या. हो, मीही वाजवल्या.

तेवढ्यात पाळण्याजवळून आवाज आला, "अरे पन्नी तो निकालो पहले! मर जाएगा!"

आठ-नऊ वर्षांची पोर. समोरच्या बांधकामावरची. कडेवर धाकटा भाऊ, पायात दोन जोडांच्या दोन चपला. पिशवीत मुळं गोल गोल फिरत राहतात आणि झाड स्वतःलाच आवळून मरतं, हे त्या अख्ख्या घोळक्यात फक्त तिला सुचलं. वॉचमन धावला. "आज प्रोग्राम है, बाहर चलो." दंडाला धरून गेटबाहेर. पाहुणे हसले. आमच्यातलंच कोणीतरी पुटपुटलं, "भायले, सगळीकडे घुसतात." भायले म्हणजे बाहेरचे.

आणि मी गप्प. त्याचाच जास्त राग येतोय.

पर्यावरण हा विषय शाळेत शिकवा असं सुप्रीम कोर्टाने 1991 साली सांगितलं. तेव्हापासून आपली मुलं काय करतायत? जर्नलमध्ये पानं चिकटवतायत. माझ्या मुलाला 'ग्लोबल वॉर्मिंग'ची व्याख्या तोंडपाठ आहे आणि दारातली ओवळ (बकुळ) त्याला ओळखता येत नाही. मार्च 2023 मध्ये उन्हाच्या लाटेमुळे दोन दिवस गोव्यातल्या शाळा दुपारच्या आत सोडल्या होत्या, आठवतंय? आपली पोरं घरी येऊन पंख्याखाली झोपली. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्यांनी ती दुपार कुठे काढायची? झाडाखाली. झाडं कुठे? बागेत. आणि बागेच्या गेटवर वॉचमन.

कर्नाटकातल्या विजापूर, गदग, कोप्पळकडून ही माणसं हौसेने येत नाहीत हो. पाऊस दगा देतो, शेत करपतं, मग बिऱ्हाड उचलून गोव्यात. छळाला भिऊन देशाबाहेर पळालं तर माणूस निर्वासित. निर्वासितांसाठीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारात दुष्काळ बसत नाही, आणि त्या करारावर आपल्या देशाची सहीही नाही. म्हणजे ही पोर कुणाच्याच वहीत नाही. ना तिकडच्या, ना इकडच्या. आमच्या वहीत फक्त 'भायली'.

भायले! आपण म्हणायचं हे? ज्यांचा देव मंगेश 1560 मध्ये पोर्तुगीजांच्या भीतीने कुठ्ठाळीहून रातोरात जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आणावा लागला? आपले देव निर्वासित, आणि आपण पाळण्यावरून पोरं उतरवतो. पणजीत चर्चजवळची महापालिकेची बाग (भांडणाची बाग ती नव्हे) ज्याच्या नावाने आहे, तो गार्सिया द ओर्ता तरी कोण? 1492 मध्ये स्पेनमधून हाकललेल्या ज्यू आई-बापांचा मुलगा. इथल्या औषधी झाडपाल्यावर त्याने लिहिलेलं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. आणि मेल्यावर बारा वर्षांनी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. बागेत बसून भेळ खाताना हे कुणाच्या मनात येतं?

बरं, मान्य. बागेत कचरा होतो, पाळण्याच्या साखळ्या तुटतात, नळ चालू राहतात. पण रविवारी वाढदिवस करून केकचे डबे तिथेच टाकून जाणारे कोण आहेत, ते आपण सगळे ओळखतो. पुढचं लिहीत नाही.

वॉचमनवर आता तेवढा राग नाही. तोही ओडिशाचा. बारा तासांची ड्युटी, बसायला मोडकी प्लास्टिकची खुर्ची. त्याला कुणी सांगितलं असेल की आज 'तसली' मुलं दिसता कामा नयेत. सांगणारा एसी गाडीतून गेला.

मला एवढंच म्हणायचंय की त्या पोरीला फलक धरणाऱ्या मुलांच्या शेजारी उभं करायला हवं होतं. शेजारीही नको, पुढे. खड्डा किती खोल, माती किती दाबायची, हे तिने दाखवावं. आपल्या मुलांनी तिला खाजनातला (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातला) मानस, म्हणजे पाण्याचा दरवाजा, दाखवावा, भरतीला तो कसा मिटतो ते सांगावं. (आपल्या मुलांना ते माहीत असेल तर. माझ्या मुलाला नाही.)

संध्याकाळी राहवेना म्हणून पुन्हा गेले. रोपाभोवती पिशवीची काळी कड दोन बोटं वर दिसत होती. ओढायला वाकले तर वॉचमन म्हणाला, "मॅडम, साहब ने लगाया है. हाथ मत लगाओ."

तिथून बांधकामावर गेले. ती पोर शेडबाहेर तांदूळ निवडत होती. तिला सकाळचं काहीच लागलेलं दिसलं नाही. तिने आधी विचारलं, "निकाला क्या?"

सफाईवाली सहाला गेट उघडते. वॉचमनची ड्युटी सातला सुरू होते. खुरपं मी नेतेय. ब्लेड तिच्याकडे आहे म्हणाली.