शिकागोत कायदे कडक, तरी खून का? एका फॉरवर्डला उत्तर

अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की दोन दिवसांत एक मजकूर हमखास फिरू लागतो. आपल्या मराठी ग्रुपांवर तो साधारण असा येतो: ‘अमेरिकेत बंदुकीचे सर्वांत कडक कायदे शिकागोत आहेत आणि सर्वांत जास्त खूनही शिकागोतच होतात. गुन्हेगार कायदा पाळतच नाही, बंदूक जाते ती सज्जनाची. तेव्हा राज्यांनी असे कायदे करण्यात काही अर्थ नाही.’ मी इलिनॉयमध्ये, म्हणजे शिकागोच्याच राज्यात, राहते. माझी मुलं इथल्या शाळेत जातात आणि वर्गाचं दार लावून, दिवे मालवून, गुपचूप बसण्याचा सराव करतात. म्हणून हा मजकूर वाचून पुढे सरकणं मला जमत नाही. त्यातलं एकेक विधान घेऊ.

‘सर्वांत जास्त खून शिकागोत.’ याचा निकाल लवकर लागतो. २०२० मध्ये शिकागो पोलिसांनी ७६९ खून नोंदवले. आकडा भयंकरच आहे. पण शहराची वस्ती सुमारे २७ लाख, म्हणजे लाखामागे २८ खून. त्याच वर्षी मिसुरी राज्यातल्या सेंट लुईसमध्ये २६३ खून झाले आणि तिथली वस्ती जेमतेम तीन लाख. लाखामागे ८७! मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स, बाल्टिमोर, डेट्रॉइट ही शहरंही दराच्या हिशेबात शिकागोच्या वरच असतात. २०२४ मध्ये शिकागोतला आकडा ५७३ वर उतरला, तेव्हाही हा क्रम बदलला नाही. आणि कडक कायद्यांचं शहर म्हणून उदाहरण द्यायचं तर न्यू यॉर्क का नको? २०२० मध्ये तिथल्या ८८ लाख वस्तीत ४६८ खून झाले, लाखामागे पाचाच्या आसपास.

राज्यांचे आकडेही बघा. २०२१ मध्ये बंदुकीने झालेले मृत्यू, आत्महत्या धरून, मिसिसिपीत लाखामागे ३३.९ होते, मॅसॅच्युसेट्समध्ये ३.४. इलिनॉय १६.१ वर, म्हणजे मधेच कुठेतरी. या फरकाला गरिबी आणि वस्त्यांची जुनी वांशिक विभागणी यांसारखी इतर कारणंही आहेत, हे मान्य. पण ‘जिथे कायदे कडक तिथे मृत्यू जास्त’ असं हे आकडे कुठल्याही बाजूने वाचले तरी निघत नाही.

‘सर्वांत कडक कायदे.’ हे एके काळी खरं होतं. १९८२ पासून शिकागोत नव्याने हँडगन (पिस्तूल, रिव्हॉल्व्हर) बाळगायला बंदी होती. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती गेली. कपड्यांखाली लपवून बंदूक घेऊन फिरायला इलिनॉयने कायद्याने परवानगी दिली ती २०१३ मध्ये, पन्नास राज्यांत सर्वांत शेवटी, आणि तीही फेडरल, म्हणजे केंद्राच्या, अपील न्यायालयाने भाग पाडल्यावर. म्हणजे फॉरवर्डमधलं शिकागो दीड दशकापूर्वीचं आहे.

आजही इलिनॉयचे कायदे बऱ्याच राज्यांपेक्षा कडक आहेत. बंदूक घ्यायची तर राज्य पोलिसांकडून ‘फॉइड’ कार्ड काढावं लागतं, १९६८ पासून. पण एक मोठी फट कित्येक वर्षं तशीच होती. घेणाऱ्याला राज्याचं कार्ड हवं, विकणाऱ्या दुकानाला मात्र राज्याचा परवाना लागत नव्हता, फेडरल परवाना असला की झालं. शिकागो शहराने २०१७ मध्ये, गुन्ह्यांत सापडलेल्या बंदुका कुठून आल्या याचा अहवाल काढला. त्यांतल्या जवळपास एक चतुर्थांश फक्त दहा दुकानांतून विकल्या गेल्या होत्या आणि त्या दहांपैकी सात दुकानं इलिनॉयमधलीच होती. दुकानांना राज्याचं प्रमाणपत्र सक्तीचं करणारा कायदा जानेवारी २०१९ मध्ये झाला. कायदा होण्याआधीच्या वर्षांचे खून दाखवून तो कायदा निकामी ठरवता येत नाही.

आता मुख्य मुद्दा: ‘गुन्हेगार कायदा पाळत नाही.’ पाळत नाहीच. पण हे कायदे त्याने पाळावेत म्हणून केलेले नाहीत. अमेरिकेत गुन्ह्यात सापडणारी जवळजवळ प्रत्येक बंदूक कधीतरी कारखान्यातून रीतसर निघून दुकानात रीतसर विकली गेलेली असते. ती काउंटरवरून गल्लीत कशी जाते, हा खरा प्रश्न आहे आणि राज्यांचे कायदे त्या वाटेवर उभे राहण्यासाठी आहेत. २०१६ मध्ये तुरुंगातल्या कैद्यांच्या सरकारी पाहणीत, गुन्ह्याच्या वेळी बंदूक जवळ असलेल्यांपैकी ४३ टक्क्यांनी ती रस्त्यावरच्या चोरट्या बाजारातून घेतल्याचं सांगितलं. स्वतः चोरली असं म्हणणारे ६ टक्के. शिकागोच्या अहवालातही, बंदूक कोणाकडे सापडली हे ठरवता आलं अशा ९५ टक्के प्रकरणांत तो माणूस मूळ खरेदीदार नव्हता. मधे कोणीतरी होतं. तो मधला माणूस बहुतेकदा कोऱ्या चारित्र्याचा असतो आणि त्याला कायद्याची भीती असते.

त्याचं काम बेनामी खरेदीचं. दुकानात ‘फॉर्म ४४७३’ भरावा लागतो. त्यात सरळ प्रश्न असतो: ही बंदूक तुम्ही स्वतःसाठी घेत आहात का? ‘हो’वर खूण करायची, एफबीआयच्या यादीत नाव तपासलं जातं, काही मिनिटांत होकार येतो. बाहेर गाडीत बसलेल्या ज्या माणसाला गुन्ह्याच्या नोंदीमुळे बंदूक मिळू शकत नाही, त्याच्या हातात ती जाते.

७ ऑगस्ट २०२१ च्या रात्री शिकागोत एक गाडी थांबवताना एला फ्रेंच ही २९ वर्षांची पोलीस अधिकारी गोळी लागून मरण पावली. तिचा सहकारी जबर जखमी झाला, त्याचा एक डोळा गेला. ती बंदूक त्याच वर्षी मार्चमध्ये इंडियाना राज्यातल्या हॅमंडच्या परवानाधारक दुकानातून विकली गेली होती. घेणाऱ्याने फॉर्मवर ‘स्वतःसाठी’ असं लिहिलं आणि ओळखीच्या माणसाला दिली. त्याला शिक्षा झाली अडीच वर्षांची. तेव्हा बेनामी खरेदी हा स्वतंत्र फेडरल गुन्हाच नव्हता. फॉर्मवर खोटं लिहिलं, एवढ्याच धाग्यावर खटले चालत. पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा असलेला वेगळा गुन्हा जून २०२२ मध्ये कायद्यात आला.

हॅमंड शिकागोला लागूनच आहे. पलीकडच्या कॅल्युमेट सिटीच्या आणि हॅमंडच्या मधून ‘स्टेट लाइन रोड’ नावाचा रस्ता जातो. रस्त्याची एक बाजू इलिनॉय, दुसरी इंडियाना. एका बाजूला कार्ड लागतं, तीन दिवस थांबावं लागतं, खासगी विक्रीतही तपासणी होते. दुसऱ्या बाजूला खासगी विक्रीत काही विचारायचं बंधन नाही आणि जुलै २०२२ पासून बंदूक घेऊन फिरायलाही परवाना लागत नाही. शिकागोत सापडलेल्या आणि माग लागलेल्या बंदुकांपैकी सुमारे ६० टक्के परराज्यातल्या होत्या, एकट्या इंडियानाच्या २१ टक्के. सिंधुदुर्गातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. गोव्यात कर कमी, म्हणून गोवा बनावटीची दारू बांद्याकडून महाराष्ट्रात येते. ती पकडायला इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा नाका आहे. आता नाकाच नसलेली सीमा डोळ्यांसमोर आणा, आणि दारूच्या जागी पिस्तूल.

शेजारच्या राज्याच्या कायद्याने फरक पडतो, हे व्हर्जिनियाने दाखवून दिलं आहे. नव्वदीच्या सुरुवातीला तिथून खोकी भरभरून हँडगन उत्तरेला न्यू यॉर्ककडे जात. ज्या आय-९५ महामार्गाने त्या जात, त्याला पोलीस ‘आयर्न पाइपलाइन’ म्हणतात. १९९३ मध्ये व्हर्जिनियाने महिन्याला एकच हँडगन घेता येईल असा कायदा केला. त्यावरचा अभ्यास १९९६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला. न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि न्यू इंग्लंडच्या तीन राज्यांत सापडलेल्या, मूळ आग्नेयेकडच्या राज्यांत विकल्या गेलेल्या बंदुकांत, कायद्याआधी विकल्या गेलेल्यांपैकी ३४.८ टक्के व्हर्जिनियाच्या होत्या, कायद्यानंतर विकल्या गेलेल्यांपैकी १५.५ टक्के. गुन्हेगार तेच, शहरं तीच, फक्त दुकानातली एक अट बदलली होती. २०१२ मध्ये तो कायदा रद्द झाला, २०२० मध्ये परत आला.

उलट्या दिशेचा पुरावा मिसुरीचा. तिथे हँडगन घेण्याआधी शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) कचेरीत स्वतः जाऊन परवाना काढावा लागे, खासगी व्यवहारातसुद्धा. ऑगस्ट २००७ मध्ये ही अट काढली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी काढलेल्या अंदाजानुसार त्यानंतर वर्षाला ५५ ते ६३ खून जास्त होऊ लागले. मला त्याहून बोलका वाटतो तो दुसरा आकडा: मिसुरीत गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकांपैकी मिसुरीतच विकल्या गेलेल्यांचं प्रमाण सुमारे ५६ टक्क्यांवरून २०१२ पर्यंत ७२ टक्क्यांवर गेलं. आता बाहेरून आणायची गरजच उरली नव्हती. कनेटिकटने १९९५ मध्ये तशीच परवान्याची अट आणली, तिथे बंदुकीच्या खुनांत पहिल्या दहा वर्षांत ४० टक्के घट झाल्याचा अंदाज निघाला. पुढच्या, जास्त वर्षांच्या अभ्यासात तो २८ टक्क्यांवर आला. असे अंदाज हलतात. दिशा मात्र कायम राहिली.

फॉरवर्डमध्ये एक गोष्ट खरी आहे, ती टाळायची नाही. कायदा कागदावर असून भागत नाही. १५ फेब्रुवारी २०१९ ला शिकागोजवळच्या अरोरामधल्या एका कारखान्यात कामावरून काढलेल्या माणसाने पाच सहकाऱ्यांना ठार मारलं. बालाजी मंदिरामुळे अरोरा आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालचं गाव आहे. त्या माणसावर १९९५ चा मिसिसिपीतला गंभीर हल्ल्याचा गुन्हा सिद्ध झालेला होता. तरी २०१४ मध्ये त्याला फॉइड कार्ड मिळालं, त्यावर त्याने पिस्तूल घेतलं. पुढे लपवून बाळगण्याच्या परवान्यासाठी बोटांचे ठसे दिले तेव्हा जुना गुन्हा उघड झाला आणि कार्ड रद्द झालं. बंदूक जमा करा असं पत्र गेलं. बंदूक आणायला कोणीच गेलं नाही. पाच वर्षं ती त्याच्याकडेच राहिली. ही घटना वाचताना आजही संताप येतो. पण त्यातून निघतं ते एवढंच, की पत्रापाठोपाठ पोलीस जायला हवा होता. २०२१ मध्ये इलिनॉयने त्यासाठी वेगळा निधी ठेवला आणि खासगी विक्रीतली तपासणी २०२४ पासून सक्तीची केली.

‘बंदूक जाते ती सज्जनाची.’ इलिनॉयमध्ये वीस लाखांहून अधिक लोकांकडे फॉइड कार्ड आहे. दहा डॉलर फी, मुदत दहा वर्षं. २०२३ च्या कायद्याने काही प्रकारच्या रायफलींची विक्री बंद केली हे खरं, पण ज्यांच्याकडे त्या आधीपासून होत्या त्यांना राज्याकडे नोंद करून त्या ठेवायची मुभा दिली. घराघरांतून कोणाची हँडगन उचलून नेलेली नाही. संविधानाचा दाखला देणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा हेलर निकाल जरूर वाचावा. घरात बंदूक ठेवण्याचा वैयक्तिक हक्क मान्य करणाऱ्या त्याच निकालात न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी बंदुकीच्या विक्रीवरच्या अटींना धक्का लागत नाही असं नमूद केलं आहे.

राहिलं शेवटचं: ‘अशा कायद्यांत काही अर्थ नाही.’ बंदुकांच्या बाजूने उभे असणाऱ्या राजकीय मंडळींना तसं वाटत नसावं, कारण त्यांनी स्वतः भरपूर कायदे करून घेतले आहेत. १९८६ च्या फेडरल कायद्याने बंदूकमालकांची मध्यवर्ती नोंदवही करायला मनाई झाली. म्हणून वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या, गुन्ह्यातल्या बंदुकांचा माग काढणाऱ्या फेडरल केंद्रात कर्मचारी आजही कारखान्याला, घाऊक विक्रेत्याला, मग दुकानाला फोन करत एकेक बंदूक शोधतात. बंद पडलेल्या दुकानांचे फॉर्म खोक्यांतून येतात, स्कॅन होतात, पण नाव टाकून शोधता येतील असे ठेवायला परवानगी नाही. दुकानाची नेहमीची तपासणी वर्षातून एकदाच करता येते. २००३ पासून मागाची तपशीलवार माहिती लोकांपुढे ठेवण्यावर बंधन आहे, २००५ पासून उत्पादकांवर बहुतेक दावे लावता येत नाहीत. आणि शिकागोच्या शेजारच्या गॅरी शहराने १९९९ मध्ये बंदूक कंपन्यांवर भरलेला दावा सगळे अडथळे पार करत टिकून होता, तेव्हा मार्च २०२४ मध्ये इंडियानाच्या विधिमंडळाने नवा कायदा केला: असे दावे फक्त राज्य सरकारच भरू शकेल, आणि हा नियम ऑगस्ट १९९९ पासून, म्हणजे गॅरीने दावा भरण्याच्या आधीपासून, लागू समजावा.